वीज नेणारी वडी

संपादकांचं पत्र आलं, "तुमच्या कामाविषयी लिहा." पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आहे, त्याविषयी त्यांना हवं असणार. त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. तास घेतले, प्रात्यक्षिकं घेतली, पेपर तपासले, चुका दरवर्षी त्याच निघाल्या. ते काम मी नीट केलं, अजून करते. पण सुट्टीच्या दिवशी मला त्याची आठवण येत नाही. आठवण येते ती त्याच्या आधीच्या कामाची. म्हणून तेच लिहिते.

हिंगोली आता जिल्ह्याचं ठिकाण झालं. तेव्हा ते परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. मीटरगेजची गाडी यायची आणि माझे वडील त्या रुळांवर गँगमन होते. कॉलेज नवंच निघालं होतं. त्याच्या आवारात कापसाचं एक जुनं गोदाम होतं, पत्र्याचं छत, एक खिडकी. त्या गोदामात मी पीएच.डी. करत होते. पीएच.डी. म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुस्तकं येतात. माझ्या पीएच.डी.त एक भट्टी होती, एक खल होता आणि हाताला पडलेले घट्टे होते.

विषय सोपा करून सांगते. विजेच्या खांबावर तार जिथं टेकते तिथं चिनी मातीचा पांढरा कप असतो. चिनी मातीतून वीज जात नाही, म्हणून तो तिथं बसवतात. आमचं काम याच्या उलट होतं. तशाच जातीच्या भाजलेल्या पदार्थातून वीज न्यायची. बेरियमची एक पांढरी पूड, टायटॅनियमची दुसरी पांढरी पूड, आणि लॅन्थॅनम नावाचा पदार्थ चिमटीपेक्षाही कमी. हे तासन्‌तास खलायचं, भाजायचं, पुन्हा खलायचं, दाबयंत्रात घालून रुपयाएवढी वडी पाडायची आणि तेराशे अंशांच्या वर भट्टीत भाजायची. कुंभाराच्या भट्टीहून बरीच जास्त उष्णता. सगळं जमलं तर वडी निळसर काळी निघते आणि तिच्यातून वीज जाते. जमलं नाही तर ती सायीच्या रंगाची निघते, आणि मग ती खांबावरच्या कपासारखीच मुकी.

चांगल्या वडीत आणखी एक गुण असतो. ती ठरावीक उष्णतेपर्यंत वीज जाऊ देते आणि त्यापुढे तापली की स्वतःच वाट अडवते. गार झाली की पुन्हा सोडते. बटण नाही, माणूस नाही. तुमच्या घरात रंगीत टीव्ही असेल तर त्याच्या पाठीमागे अशी एक वडी बसून आहे. तेव्हा मात्र आम्हाला ती परदेशी मासिकातल्या आलेखातच माहीत होती.

आमचे मार्गदर्शक काझी सर. मूळ हैदराबादकडचे, चाळिशी ओलांडलेले, बोलण्यात निम्मी उर्दू. त्यांच्या नावावर केंद्र सरकारची संशोधन योजना मंजूर होती. कॉलेजात विभागप्रमुख म्हणून आले तेव्हा योजना, भट्टी आणि एक शिष्यवृत्ती सोबत घेऊन आले. ती शिष्यवृत्ती मला मिळाली. तीन वर्षांची, पण दुसऱ्या वर्षी समिती येऊन काम पाहणार आणि मगच तिसरं वर्ष मंजूर होणार, अशी अट. तिसरं वर्ष मिळालं नाही तर प्रबंध नाही. घरी वडिलांनी बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाच होता. ते म्हणाले, "तुझी भट्टी विझली तर हे असू दे." वडील माझे, टोमणा होता की काळजी, ते कळायचं नाही.

गोदामात तिसरी व्यक्ती गयाबाई. नर्सीच्या वाटेला, गावाच्या कडेला त्यांचं घर. नवरा कनेरगाव नाक्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडायचा. कॉलेजनं गयाबाईंना झाडलोटीला ठेवलं होतं, सरांनी त्यांना भांडी धुण्यासाठी आमच्याकडे मागून घेतलं. पहिला महिनाभर त्यांनी आमच्या किटलीतला चहा घेतला नाही. दुसऱ्या महिन्यात घेतला. मी कारण पहिल्यांदाही विचारलं नाही, दुसऱ्यांदाही नाही.

भांडी म्हणजे मुख्य अकीकाचा खल. अकीक हा कठीण, गुळगुळीत दगड. आमच्या कामात कचरा म्हणजे शत्रू. हजारात एखादा भाग लोखंड गेलं तरी वडी मरते. म्हणून मी गयाबाईंना पहिल्या दिवशी बजावलं होतं, साबण नाही, सोडा नाही, काथ्या नाही. आधी साधं पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर, आणि खल पालथा घालून वाळवायचा.

"नुसतं पाण्यानं?" त्या म्हणाल्या.

"नुसतं पाण्यानं."

"आन्‌ त्याच्यात उद्या पुन्हा काम करायचं?"

"हो."

"बरं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. नुसतं पाण्यानं विसळलेलं भांडं फळीवर ठेवणाऱ्या बाईकडे जसं पाहतात, तसं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. कॉलेजची विहीर माघातच तळाला गेली. वसतिगृहाला टँकर यायचा आणि त्यातला एक हंडा आमच्या वाट्याला. डिस्टिल्ड वॉटर परभणीहून काचेच्या मोठ्या बाटल्यांतून गाडीनं यायचं. माझे वडील ते स्टेशनवर उतरवून घ्यायचे आणि सायकलवर आणून द्यायचे. रस्त्यात लोक विचारायचे, गँगमन दारू नेतो की काय.

त्या उन्हाळ्यात आमच्या वड्या निघाल्या. लागोपाठ पाच घाण्या, म्हणजे भट्टीच्या पाच खेपा, एका घाणीला आठ वड्या, सगळ्या निळसर. वडीला दोन्ही बाजूंनी धातूचा लेप देऊन आम्ही तिच्यापुढे एक छोटा बल्ब जोडला. बल्ब लागला. सर घड्याळ धरून उभे. वडी तापत गेली, आणि बल्ब कुणी हात न लावता मंद होत होत विझला. वडी गार झाल्यावर पुन्हा लागला. गयाबाई झाडू धरून बघत होत्या.

"ह्यो खडा लय मानी हाये," त्या म्हणाल्या. "ऊन झालं की कामच सोडून देतो."

सर हसले. "बराबर बोलल्या. मिस कांबळे, हे वाक्य लिहून ठेवा, आपल्या रिपोर्टपेक्षा सोपं आहे."

रिपोर्ट गेला. पहिल्या वर्षाचं काम, निकाल उत्तम, पुढल्या वर्षी अमुक करू, तमुक करू. शेवटी माझी सही आणि सरांची सही.

मग आषाढात पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, गाव सुखावलं आणि आमच्या वड्या मेल्या.

पहिली घाणी सायीच्या रंगाची निघाली तेव्हा मी म्हटलं, वजनात चूक झाली असेल. दुसरी तशीच निघाली तेव्हा वीज कमी दाबाची होती असं म्हटलं. हिंगोलीत विजेचा दाब तेव्हा इतका पडायचा की भट्टी साडेबाराशेवर जाऊन बसून राहायची. पण तिसऱ्या घाणीला दाब चांगला होता. चौथीला बेरियमची नवी बाटली फोडली. पाचवीला जुनी बाटली परत घेतली. भट्टी तापवणाऱ्या कांड्या बदलल्या. हवेतली ओल म्हणून पूड आधी तापवून घेतली. गार करण्याचा वेग बदलला, कारण या पदार्थात तापवण्याइतकंच गार करणंही महत्त्वाचं. अकरा आठवडे. दर आठवड्याला भट्टीचं दार उघडायचं, चिमट्यानं वडी काढायची आणि रंग बघायचा. रंग बघितला की मोजायची गरजच नसे. तरी मी मोजत होते, वहीत लिहीत होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खल घेऊन बसत होते.

समिती दिवाळीनंतर येणार होती. नवरात्राच्या आसपास सरांनी मला समोर बसवलं.

"मिस कांबळे, एक वड्यांचा डबा आहे, तो दाखवता येईल. उन्हाळ्यातल्या चाळीस वड्या. ते पाहतील, बल्ब विझेल, खूश होतील. पण त्यातला एक जण म्हणेल, आता आमच्यासमोर एक नवी करा."

"तर?"

"तर आपल्याला येत नाही. आणि जे एकदा आलं आणि पुन्हा येत नाही, ते संशोधन नाही, नशीब आहे. समितीच्या आधी आपण रिपोर्ट मागे घेऊ. मीच पत्र लिहीन." ते खिडकीतून बाहेर पाहत होते. "मला तकलीफ याची नाही की योजना जाईल. माझ्या इतर योजना आहेत. तुमचं मात्र हे एकच आहे."

मी म्हटलं, "पंधरा दिवस द्या." का म्हटलं, माहीत नाही. माझ्याकडे पंधरा दिवसांत करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या विहिरीवरची मोटर जळाली. दोन दिवस नळाला पाणी नाही. मी सकाळी गोदामात आले तर गयाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. मांडीत अकीकाचा खल. बाजूला घरून आणलेला डालड्याचा डबा, त्यात राख. चिमूट चिमूट राख खलात टाकून त्या अंगठ्यानं घासत होत्या, आणि मग स्वच्छ धुतलेल्या फडक्यानं कोरडा पुसत होत्या. इतकं मन लावून, इतकं छान, की मी क्षणभर बघतच राहिले. मग माझं डोकं फिरलं.

"गयाबाई, हे काय करताय?"

त्या दचकल्या. खल मांडीतून खाली ठेवला. "पानी न्हाई ना ताई नळाला."

"डिस्टिल्ड वॉटरची बाटली भरलेली आहे ना?"

त्यांनी हातातलं फडकं झटकलं.

"किती दिवस हे करताय?"

"कोरडं? आजच. पानी हाये तवा राखेनं घासून पान्यानं धुते."

"राखेनं? मी काय सांगितलं होतं?"

"नुसतं इसळलेलं भांडं खरकटंच असतंय ताई. तुमी रोज नवा माल घालता त्याच्यात. मला नाही बघवत ते." आणि मग, मी विचारलेलंही नसताना, त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात तर समदं कोरडंच केलं. बाटलीतलं पानी मी खलाला लावलंच न्हाई. चोख पानी दगडावर वतायचं, आन्‌ घरी लेकरं गढूळ पिऊन राहिली. तांब्या तांब्या घरी न्हेलं. चव न्हाई त्याला कसली, पर पोटं बिघडली न्हाईत लेकरायची. सायबाला सांगायचं आसंल तर सांगा."

मला पाण्याचं काही वाटलं नाही. मला ते ऐकूच आलं नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या डोक्यात एकच होतं. दीड वर्ष मी हजारात एक भागाचे हिशेब करत होते आणि ही बाई खलात चुलीतली राख घालत होती. मी फार बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. "दीड वर्षाचं वाटोळं केलंत" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. गयाबाईंनी डब्याला झाकण लावलं, फडकं घडी घालून खलावर ठेवलं आणि निघून गेल्या. झाडू जागेवर टेकवून गेल्या.

खल धुवायचंही मनात आलं नाही. मी बसून राहिले. मग वाटलं, मुक्या वड्या अकरा आठवडे झाल्याच आहेत, राखेची घाण असलेली वडी किती मुकी होते तेही एकदा मोजून ठेवू. आमच्या धंद्यात याला अर्थ असतो. मुद्दाम बिघडवलेला एक नमुना हाताशी हवा. त्याच खलात पूड खलली, वड्या पाडल्या, भट्टीत घातल्या. वहीत शेरा लिहिला, "घाणेरडी."

तिसऱ्या दिवशी दार उघडलं. आठही वड्या निळसर काळ्या.

मी त्या टेबलावर मांडल्या आणि स्टुलावर बसले. मग बल्ब जोडला तेव्हा तो लागला आणि विझला, उन्हाळ्यात विझायचा तसाच. सरांच्या घरी निरोप धाडला आणि सायकल काढून थेट नर्सीच्या वाटेला लागले. गयाबाई तीन दिवस कामावर आल्या नव्हत्या.

त्या अंगणात तुराट्या मोडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"गयाबाई, तुमच्या चुलीतली राख हवी आहे."

"काहून?"

"कामासाठी."

"कामासाठी, का सायबाला दावायला?" त्यांनी तुराटी गुडघ्यावर मोडली. "चुकी झाली ती झाली. मी आले न्हाई, पगार मागितला न्हाई. आता राख न्हेऊन पंचनामा करता का?"

"पंचनामा नाही. वड्या निघाल्या."

"कंच्या?"

"तुम्ही कोरडा पुसलेल्या खलातल्या. निळ्या निघाल्या."

आतून एक लेकरू आलं आणि त्यांच्या पाठीला टेकून उभं राहिलं.

"म्हंजे राखेनं वाटोळं न्हाई झालं?"

"नाही."

"मंग तवा कशापाई वराडला एवढं?"

मी म्हटलं, "चुकलं माझं." मी ते वाक्य फारसं वापरत नाही, त्यामुळे नीट आलं नसावं. पण गयाबाईंनी ते घेतलं. उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि तिथूनच विचारलं, "राख कंची पायजे? ही काल तुराट्या जाळल्या त्याची हाये. भांड्याला मी धसकटाची घेते. ज्वारीच्या. ती मऊ असती, चरा पडत न्हाई."

त्यांनी ते विचारलं नसतं तर मी तुरीची राख घेऊन गेले असते, वड्या पुन्हा मुक्या निघाल्या असत्या आणि सरांचं पत्र गेलं असतं. हे मला नंतर कळलं, कारण नंतर मी सगळ्या राखा तपासल्या. तुरीची, बाभळीची, गोवऱ्यांची, कापसाच्या पऱ्हाट्यांची. बाटल्या घेऊन दारोदार फिरले. आठवडाभरात गावात बोलवा झाली की कॉलेजातली बाई घरोघरची राख गोळा करून राहिली, भानामती करते म्हणून. एका घरी म्हातारीनं दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी सूनबाईनं हळूच विचारलं, "सासूबाईच्या नावानं काही करता येतं का?" वडील जेवताना म्हणाले, "रुळावरच्या लोकांनी मला विचारलं, पोरगी काय शिकते. मी म्हणालो, राख." गयाबाई मात्र रोज वेळेवर येत होत्या आणि प्रत्येक राखेला स्वतंत्र फडकं वापरत होत्या. ते मी सांगितलं नव्हतं.

ज्वारीच्या धसकटाची, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेल्या खुंटांची, राख चालली. बाकीच्या चालल्या नाहीत. सरांनी कारण एका दुपारी फळ्यावर मांडलं. ज्वारीच्या ताटात वाळूचा अंश असतो, म्हणजे सिलिका. पान हाताला कापतं ते त्यानेच. राखेत तो उरतो. भट्टीत तो वितळून वडीच्या कणांमधून पसरतो आणि आमच्या पुडीतला जो बारीक कचरा वडीला मुकी करत होता, तो स्वतःत ओढून घेतो. कोरडा पुसलेल्या खलात राख उरायची, पाण्यानं धुतलेल्या खलात उरायची नाही. दुष्काळात वड्या निघाल्या आणि पावसाळ्यात मेल्या, त्याचं कारण एवढंच.

समिती आली. तिघे जण. त्यातल्या एकानं, सर म्हणाले होते तसंच, नवी वडी करायला सांगितली. ते दोन दिवस थांबले. मी त्यांच्यासमोर सरांनी मागवलेली शुद्ध सिलिका तोलून घातली, खल नियमाप्रमाणे पाण्यानं धुतलेला होता, आणि वडी निघाली. बल्ब विझला तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, "सिलिका घालायचं कसं सुचलं?"

मी सरांकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळीच आमचं बोलणं झालं होतं. मी अहवालात राखेचा परिच्छेद लिहिला होता. सरांनी त्यावर तिरकी रेघ मारली. "राख लिहिली तर ते हसतील. सिलिका लिहिली तर प्रश्न विचारतील. तुम्हाला तिसरं वर्ष पाहिजे ना?" मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. गोदाम, चूल, डालड्याचा डबा, एक न शिकलेली बाई, हे सगळं माझ्या नावापुढे लागणाऱ्या अक्षरांत नको होतं.

"निरीक्षणातून," मी त्या गृहस्थाला म्हणाले. गयाबाई कोपऱ्यात चहा ओतत होत्या.

तिसरं वर्ष मंजूर झालं. समितीनं असंही सुचवलं की काम आता विद्यापीठात हलवावं, तिथं मोठी भट्टी आहे, दळायला यंत्र आहे. भट्टी बैलगाडीतून स्टेशनवर गेली. वडिलांनी ती स्वतः डब्यात चढवली. गयाबाई परत कॉलेजच्या झाडलोटीवर गेल्या.

विद्यापीठात सगळं होतं. खल हातानं चालवावा लागत नव्हता. विजेचा दाब पडत नव्हता. पुडी शुद्ध, सिलिका शुद्ध, पाणी नळाला. प्रत्येक घाणी निळी निघायची. पहिल्या महिन्यात आनंद झाला, दुसऱ्या महिन्यात मी भट्टीचं दार उघडण्यापूर्वी थांबेनाशी झाले. आत काय आहे ते माहीत असायचं. वर्षभरात प्रबंध झाला, पदवी मिळाली, नोकरी लागली. भट्टीला पुन्हा हात लावायची वेळ आली नाही. सर हैदराबादला गेले, काही वर्षं पत्रं येत होती.

लोक म्हणतात, त्या यशाची आठवण येत असेल. यशाची येत नाही. मला आठवण येते त्या अकरा आठवड्यांची. सकाळी पत्रा तापण्याआधी गोदामात जायचं, वहीत काल काय चुकलं ते वाचायचं, आणि आज काय बदलावं ते ठरवायचं. कुणालाच उत्तर माहीत नाही, सरांनाही नाही, आणि तरी चिमटा पुढे करायचा. तेव्हा मला ते दिवस संपावेत असं रोज वाटत होतं. आता शिकवताना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला तास सुरू होण्याआधी माहीत असतं. अजूनही घरातली वीज गेली की मी घड्याळ बघते, किती वाजता गेली ते. भट्टी नाही, वही नाही. पण बघते, आणि आली की पुन्हा बघते.

बांधलेला प्रबंध घेऊन मी एकदा हिंगोलीला गेले, तेव्हा गयाबाईंकडेही गेले. त्यांनी हात पदराला पुसले आणि तो मांडीवर घेतला. पानं उलटली. आलेख आवडले. बल्बाची आकृती त्यांनी ओळखली.

"ह्यो आपला मानी खडा."

"हो."

"आन्‌ राखेचं कुठं हाये?"

मला पान काढून कुठल्याही ओळीवर बोट ठेवता आलं असतं. पण मी खोटं बोलले नाही. एवढं एकच त्यात बरं केलं. "राखेचं नाही लिहिलं. सिलिका लिहिलं आहे. राखेतली कामाची वस्तू, ती."

त्यांना वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. त्या विचार करत होत्या. नाव, मान, यातलं काही त्यांच्या मनात नव्हतं. त्या कामाचाच विचार करत होत्या.

"मंग ज्याच्याजवळ ती बाटलीतली वस्तू न्हाई," त्या म्हणाल्या, "त्या लोकायला कसं कळंल, कसं करायचं ते?"

तीन वर्षं मला जे शिकवलं गेलं होतं ते हेच होतं. जे केलं ते असं लिहा की दुसऱ्याला तसंच करता आलं पाहिजे. दोनशे पानांत मी ते लिहिलं नव्हतं आणि तीन परीक्षकांनी ते विचारलं नव्हतं. मी चहा पिऊन निघाले. पुढे लिहीन, म्हणाले. पुढे लग्न झालं, मुलं झाली, तास होते, आणि गयाबाई कुठे आहेत याची चौकशी मी शेवटची कधी केली ते आता सांगता येत नाही.

सरांनी रेघ मारलेला तो परिच्छेद असा होता. ज्वारीची धसकटं, चांगली वाळलेली, माती लागलेली मुळं छाटून टाकलेली, वेगळी जाळावीत. राख पांढरी होईपर्यंत थांबावं आणि फडक्यातून चाळून घ्यावी. दोन चिमटी खलात टाकून अंगठ्यानं आतून बाहेर घासावी. मग धुतलेल्या सुती फडक्यानं दोनदा पुसावं, जास्त नाही. खलाला पाणी लावू नये. पाणी असेल तर ते पिण्यासाठी ठेवावं. ही रीत गयाबाईंची आहे.